कंद विकत एकदाच घ्यावा

फुलझाडे लावणे हा रिकाम्या लोकांचा उद्योग आहे, अशी आपल्या पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत आहे. तिच्याशी वाद घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्यांच्या अंगणात ॲमरिलिस लावलेली आहे, त्यांचा क्रम पाहून खेद वाटतो. रोपवाटिकेतून मोल देऊन कंद आणावयाचा, एक वेळ फूल पाहावयाचे, आणि पुढील साली फूल आले नाही की तो उकिरड्यावर टाकून दुसरा आणावयाचा! ज्याच्या घरी कांद्याचे बी धरले जाते, त्याने असे कायमचे गिऱ्हाईक होऊन राहावे हे त्यास शोभत नाही.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. हिचे शास्त्रीय नाव हिपिॲस्ट्रम. कंद कांद्यासारखाच पापुद्र्यांचा असतो. फरक इतकाच की, कांद्यास डेंगळा आला म्हणजे आपण कपाळास हात लावतो. येथे डेंगळ्यासाठीच सारा खटाटोप. फूल न येण्याचे कारण बहुधा कंदाची उपासमार हे असते. दांडा कंदातील साठ्यावर वाढतो, व तो साठा पुढे पाने भरून काढतात. फुले सरताच कुंडी अडगळीत सारणे म्हणजे दुभत्या गाईचा चारा तोडणे होय. पानांस ऊन व कुजलेले खत मिळावे. कंदाचा गळा मातीवर उघडा असावा. पाणी साचू देऊ नये. मार्गशीर्षापासून सुमारे दोन महिने पाणी तोडून विश्रांती द्यावी.

वाढ करण्याचे मार्ग तीन. कंदाच्या कुशीस येणारी पिले मुळांसह वेगळी करणे हा सर्वांत सोपा. पण काही संकरित जाती पिले फारच थोडी देतात. बी धरल्यास तीन-चार वर्षांनी फूल येते, मात्र संकरित जातीचे रोप आईसारखे निघेलच असे नाही. तिसरा मार्ग फोडी करण्याचा. विश्रांतीतील भरदार कंदाचा शेंडा व मुळे छाटून त्याच्या उभ्या ८ ते १६ फोडी कराव्या. प्रत्येक फोडीस बुडाच्या चकतीचा तुकडा असलाच पाहिजे. तो नसेल तर अंकुर नाही. बुरशीनाशक भुकटी लावून फोडी किंचित ओलसर वाळूत, उबदार सावलीत ठेवाव्या. दोन-तीन महिन्यांत पापुद्र्यांच्या मुळाशी कंदिका दिसू लागतात, आणि त्या जातिवंत निघतात. सुरी मात्र दर कंदास ज्योतीवर शेकून घ्यावी, कारण पानांवर पिवळट ठिपके आणणारा विषाणुरोग तिच्याच पात्यावरून पसरतो. हा कंद विषारी आहे. तो कांद्याच्या चाळीत कधीही ठेवू नये.

चांगला कंद कापावयास हात धजत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि पेरणीसाठी राखलेले धान्य मातीत टाकतानाही आपण असेच मन घट्ट करतो. एक मोडल्याखेरीज सोळा होत नाहीत.

आणि सोळा झाल्यावर ते एकट्यानेच ठेवू नयेत. इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीने १७९९ च्या सुमारास या फुलाची पहिली संकरित जात तयार केली व तिचे कंद लिव्हरपूलच्या वनस्पतिबागेस दिले. पुढे त्याचे स्वतःचे काचघर नष्ट झाले. जात टिकली ती दिलेल्या कंदांमुळे.

फुलाने पोट भरत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु बी-बियाणे घरी राखण्याची व शेजाऱ्यास देण्याची सवय मोडली की ती एका पिकापुरती मोडत नाही. ती पुन्हा लावून घेण्यास अंगणातील एक कुंडी पुरे आहे. येत्या मार्गशीर्षात प्रत्येकाने निदान एक कंद कापून पाहावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.