फळीची जाडी आणि भिशीचे पैसे

मैत्रिणींनो, मिक्सर घ्यायचा झाला तर आपण चार दुकानं पालथी घालतो, शेजारणीला विचारतो, झाकण घट्ट बसतं का तेही पाहतो. मग घरच्या धंद्यासाठी यंत्र घ्यायची वेळ आली, की "ते पुरुषांचं काम" म्हणून गप्प का बसतो? पैसा तर दोघांचाच असतो ना!

आमच्या घरामागे सुतारकामाची छोटी शेड आहे. मामंजींनी तिथे जन्मभर रंधा मारला. पण गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा खांदा उचलेना. तेव्हा टेबलावर ठेवायचा 'थिकनेस प्लेनर', म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करणारं यंत्र, घ्यायचं ठरलं. निम्मे पैसे माझ्या भिशीचे. मामंजी एवढंच म्हणाले, "मग आता माझं काय काम?" ते वाक्य मनात घेऊनच मी ह्यांच्याबरोबर दुकानात गेले. जाताना एक वाकडी फळी मुद्दाम घेतली.

दुकानदार म्हणाला, "तेरा इंच रुंद फळी जाते, ताई. बघायलाच नको." म्हटलं, बघूच. फळी आत घातली. बाहेर आली ती गुळगुळीत, जाडीही सारखी. पण वाकडी ती वाकडीच! कारण सोपं आहे. आतले रोलर फळी दाबून सपाट धरतात. बाहेर पडताच ती पुन्हा आपल्या वळणावर जाते. म्हणून एक बाजू आधी सरळ करून घ्यावीच लागते. हे ठाऊक नसेल, तर यंत्र आणूनही निराशाच पदरी पडायची.

आणखी काय पाहावं? नेहमीच्या कामातली सर्वांत रुंद फळी मोजा आणि तेवढंच यंत्र घ्या. बहुतेक टेबली यंत्रं १२ ते १३ इंचांची असतात. पाती आपल्या गावात मिळतात का, हे आधी विचारा. दीड-दोन हजार वॅटच्या यंत्राला पंख्याचा पॉइंट चालत नाही. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि अर्थिंग हवं. परदेशातून कुणी आणून देतो म्हणालं, तर व्होल्टेज विचारा. अमेरिकेतली यंत्रं १२० व्होल्टची, आपली वीज २३० ची!

फळीचं टोक जरा जास्त कापलं जातं, म्हणून ती दोन-तीन इंच लांब ठेवावी. जुन्या वाड्याचं सागवान असेल, तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. एक खिळा पात्यांची वाट लावतो. आणि कानाला संरक्षक, तोंडाला मास्क, भुसा ओढणारी नळी यांचे पैसे यंत्राच्या किमतीतच धरा. लाकडाच्या धुळीने कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच सांगितलं आहे. इथे काटकसर नको.

आता शेडमध्ये मामंजी एक डोळा मिटून फळी पाहतात, उंचवट्यांवर पेन्सिलीने खुणा करतात. हे तेवढ्यापुरता रंधा मारतात आणि बाकीची मेहनत यंत्र करतं. यंत्राला जाडी कळते, मैत्रिणींनो. पण फळी सरळ आहे की नाही, ते अजून मामंजींनाच कळतं!