फटफटी रडते तेव्हा...

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी दारापुढे मोठ्या हौसेने रांगोळी काढली. सकाळी पाहतो तो कमळाच्या नेमक्या मध्यभागी रुपयाएवढा तेलाचा डाग!

"अहो, तुमची फटफटी रडते आहे," सौ. म्हणाल्या. "एकदा तिचे डोळे तरी पुसा, नाहीतर भंगारवाल्याला देऊन मोकळे व्हा."

फटफटी खरे म्हणजे माझी नव्हे, वडिलांची. यामाहा आरएक्स १००. हे मॉडेल १९८५ साली निघाले, १९९६ साली बंद झाले. इंजिन अवघे ९८ सीसीचे, पण आवाज असा की वडील कोपऱ्यावर आले की आई चहाचे आधण ठेवी. ते गेल्यावर दोन पावसाळे गाडी अंगणात तशीच उभी राहिली. तिच्याकडे पाहवत नसे, म्हणून मी पाहिले नाही. तिसऱ्या वर्षी बाहेर काढली. इंजिन सुरू झाले, पण पुढच्या चिमट्यातून तेल पाझरू लागले.

वाचकहो, हा चिमटा म्हणजे मोठी गमतीची वस्तू आहे. त्याचे पाय दोन. प्रत्येक पायात वरची पोलादी, चकचकीत नळी खालच्या ॲल्युमिनियमच्या नळीत सरकते. आत एक स्प्रिंग आणि थोडेसे तेल. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग सोसते. पण नुसती स्प्रिंग दाव्यातून सुटलेल्या वासरासारखी उड्या मारीत राहील. तेल बारीक भोकांतून रेटले जाते, त्या खटाटोपात धक्क्याचा जोर जिरतो आणि वासरू शांत होते. असा तेलाने आवरलेला चिमटा बीएमडब्ल्यूने १९३५ साली आपल्या आर १२ या गाडीवर प्रथम बाजारात आणला. हे तेल आत ठेवण्याचे काम कोण करते? खालच्या नळीच्या तोंडाशी बसवलेली रबराची एक कडी. तिला ऑइल सील म्हणतात.

तेव्हा सील बदलले की झाले, असे मला वाटले. जवळच्या गॅरेजात बदलून घेतले. महिन्याभरात पुन्हा डाग! मग स्वतःच पान्हे घेऊन बसलो आणि स्क्रू-ड्रायव्हरने ठोकठोकून नवे सील बसवले. ते आठच दिवस टिकले. मी बाजारातल्या मालाला यथेच्छ शिव्या दिल्या आणि गाडी तशीच चालवू लागलो. चार थेंब तेल गळाले, तर कोणाचे काय बिघडते?

काय बिघडते, ते जानेवारीत कळले. मुलीला मागे बसवून उतारावरून येत होतो. पुढे उसाची ट्रॉली थांबलेली. पुढचा ब्रेक दाबला, तर तो लोण्यावर दाबल्यासारखा! पायावरून ओघळलेले तेल ड्रममध्ये शिरून लायनरपर्यंत पोहोचले होते. मागचा ब्रेक आणि माझी चप्पल रस्त्यावर घासून गाडी थांबली, तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेले उसाचे शेंडे माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर होते. पोरगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने बसने कॉलेजला गेली. तिसऱ्या दिवशीही.

मग मात्र गाडी ढकलत कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेली. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सीलकडे पाहिलेसुद्धा नाही. वरच्या नळीवर त्यांनी अंगठ्याचे नख फिरवले.

"नख अडकतंय का बघा सायेब."

अडकत होते. क्रोमवर देवीच्या वणांसारखे गंजाचे खड्डे होते.

"सीलचा काय दोष न्हाई. ही नळी त्याचा ओठ कापतीया. किती दिस पावसात हुबी हुती?"

मी उत्तर दिले नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही.

पुढचे आठ दिवस मी त्यांचा बिनपगारी पोऱ्या झालो. चिमट्याचे तळाचे बोल्ट सुटेनात, आतला दांडाही बोल्टाबरोबर फिरू लागला, तेव्हा मिस्त्रींनी वरून स्प्रिंग दाबून धरायला लावली. दांडा घट्ट राहिला, बोल्ट निमूट सुटला. नळ्या काचेवर लोळवून सरळ असल्याची खात्री केली, मग घासून नव्याने हार्ड क्रोम करायला पाठवल्या. त्या परत आल्यावर नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून, सीलच्या ओठाला तेल लावून ते सरकवले आणि मापाच्या पाइपने हलके हलके बसवले. तळाच्या बोल्टांना तांब्याचे नवे वॉशर. मी तेल अंदाजाने ओतू लागलो, तर माझा हात धरला. "नजरंचं माप पंगतीत चालतंय, हितं न्हाई." पुस्तकात दिले होते तेवढेच तेल दोन्ही पायांत सारखे मोजून घातले. ब्रेकचे तेलकट शू फेकून नवे बसवले, ड्रम धुतला. चाक चढवल्यावर चिमटा दहा वेळा खालीवर दाबला, म्हणजे दोन्ही पाय एका रेषेत येतात. मग आस आवळला.

घरी येऊन गाडीखाली वर्तमानपत्र पसरले. आठ दिवस रोज सकाळी मी ते बातम्यांसाठी नव्हे, डागांसाठी वाचले. नवव्या दिवशी मुलगी आली, वाकून कोरडा कागद पाहिला आणि मागे बसली.

आता हा सारा पावसाळा गेला. तुमच्या अंगणातही एखादी जुनी गाडी रडत असेल, तर सीलला शिव्या देण्यापूर्वी नळीवर नख फिरवून पाहा.

यंदाची रांगोळी अजून कोरी आहे. किल्ली मात्र माझ्याजवळ राहिलेली नाही. संध्याकाळी कोपऱ्यावर तो ओळखीचा आवाज आला, की सौ. चहाचे आधण ठेवतात.