‘अहिल्या’ मागे पडली, ती शापामुळे नव्हे



शापाच्या कथेमुळे लोक मुलीचे नाव ‘अहिल्या’ ठेवत नाहीत, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला पटत नाही. शापाची कथा रामायणाइतकी जुनी. तरीही १७२५ साली आपल्याच जिल्ह्यात, चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी लेकीला हेच नाव मिळाले. पंचकन्यांच्या प्रातःस्मरणातही पहिली अहिल्याच. नाव मागे पडले ते पुष्कळ नंतर, सुनीता-अनिता-वैशालीच्या लाटेत. शेवगावात आजीच्या पिढीत अजून अहिल्याबाई भेटतात, नातींत क्वचितच. २०२४ मध्ये चौंडीच्या त्याच लेकीच्या नावाने जिल्हा अहिल्यानगर झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पाट्यांइतकेच ‘अहिल्या’ हे नाव शाळेच्या हजेरीपटावरही दिसावे, असे फार वाटते. बारशाला आत्याने ते निःशंक मनाने बाळाच्या कानात सांगावे.

— एक वाचक, शेवगाव