उष्ण परीषह आणि बधिर पाऊल

तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या २२ परीषहांत उष्णतेचा परीषह आहे. अहिल्यानगरहून मनमाड रस्त्याने विहार करणारे साधू-साध्वी नागापूरच्या औद्योगिक वसाहतीजवळून जातात, तेव्हा वैशाखातील डांबरी रस्ता त्याचा अर्थ तळव्यांना समजावतो. काही श्रावकही श्रद्धेने त्यांच्यासोबत अनवाणी चालतात. त्यांतील मधुमेही बंधू-भगिनींसाठी हे चार शब्द.

स्पर्शन हे पहिले इंद्रिय. एकेंद्रिय जीवालाही ते असते. आपल्या त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारी सूक्ष्म प्रथिने असतात. त्यांपैकी एक सुमारे ४३ अंश सेल्सिअसला जागे होते आणि विद्युत्‌संदेश निघतो. मिरचीचा दाहही तेच ओळखते. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधले. २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्युलियस यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासमवेत मिळाले. हा संदेश मज्जारज्जूत पोहोचताच ग्लुटामेट हे रसायन तो पुढच्या पेशीकडे सोपविते, जशी एका पेढीची हुंडी दुसरी पेढी वटविते. मनाला चटका जाणवण्याआधीच पाऊल उचलले जाते.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तर बहुधा सर्वांत लांब मज्जातंतू आधी झिजतात. म्हणून बधिरता पावलांपासून सुरू होते. हुंडी निघतच नाही. पाऊल भाजते, फोड येतो, चिघळतो. प्रसंगी पाय गमवावा लागतो.

परीषह म्हणजे वेदना जाणून समभाव राखणे. जिथे वेदनाच पोहोचत नाही, तिथे सहन काय केले? बधिर पायाने तापल्या रस्त्यावर चालणे ही तितिक्षा नव्हे. ती नकळत घडणारी देहहानी होय.

म्हणून मधुमेहींनी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तळव्यांची संवेदना तपासून घ्यावी. रोज रात्री आरशात तळवे पाहावेत. पाण्याची ऊब पायाने नव्हे, कोपराने अजमावावी. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नये. अनवाणी चालण्याचा नियम घेतलेला असेल, तर गुरुदेवांना आपली प्रकृती मोकळेपणाने सांगून मार्गदर्शन घ्यावे. सामायिक, स्वाध्याय, मौन ही तपाची द्वारे त्यांच्यासाठी उघडीच आहेत. संयम साधायचा तो याच देहाने. त्याचा जमाखर्च आपणच तपासायला हवा.

जय जिनेंद्र.