चीताचे निर्लेखन करण्याआधी

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, आणि
मा. महासंचालक, आर्मी एव्हिएशन कोअर यांस



चीता आणि चेतक ही हेलिकॉप्टरे आता टप्प्याटप्प्याने सेवेतून जायची आहेत. त्यांच्या वैमानिकांच्या जिवासाठी हे आधीच व्हायला हवे होते. पण यंत्र सेवेतून गेले की त्याचे निर्लेखन होते, सुटे भाग काढले जातात आणि सांगाडा भंगारात निघतो. त्या कागदांवर सह्या होण्यापूर्वी हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचावे, एवढ्यासाठी लिहितो आहे.

आर्मी एव्हिएशन कोअरची स्थापना 1 नोव्हेंबर 1986 ची. इतिहास मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. ऑस्टर विमानांतून उडणारे तोफखान्याचे अधिकारी ‘एअर ओपी’ म्हणून ओळखले जात. शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात, कमी उंचीवर, सावकाश उडायचे. गोळा कुठे पडला ते पाहायचे आणि किती डावीकडे, किती पुढे, ते रेडिओवरून तोफांना कळवायचे. अंगावर चिलखत नाही, विमानात तोफ नाही. पुढे बंगळुरूला घडवलेले ‘कृषक’ हे छोटे विमान याच कामासाठी आले.

लोंगेवालाची लढाई म्हटले की आपल्याला हवाई दलाची हंटर विमाने आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण डिसेंबर 1971 मध्ये त्या वाळवंटावर मेजर आत्मासिंग कृषकमधून घिरट्या घालत हंटरच्या वैमानिकांना पाकिस्तानी रणगाडे दाखवून देत होते. हंटर सगळ्यांना ठाऊक आहे. कृषक किती जणांनी पाहिले आहे?

हे विस्मरण का झाले, याचे कारण व्यवस्थेतच आहे. वैमानिक तोफखान्याचा, तर विमान आणि त्याची देखभाल हवाई दलाकडे, अशी ती जुनी रचना होती. साहजिकच नोंदी दोन घरांत विभागल्या गेल्या, आणि दोन्ही घरांत ही कहाणी तळटीपेपुरतीच उरली. 1986 नंतर जे तिसरे घर झाले, त्याचे सारे लक्ष रोजच्या उड्डाणांवर. ते तसेच असायला हवे. पण मग जुन्याचे कोण पाहणार?

चीताचे तेच होऊ नये. सियाचिनवर 20 हजार फुटांच्या आसपासच्या चौक्यांवर हवा इतकी विरळ असते की एका फेरीत फारच थोडे वजन नेता येते. म्हणून रॉकेलचा एखादा कॅन, औषधे, पत्रे घेऊन फेऱ्यांवर फेऱ्या करायच्या आणि परतताना हिमदंश झालेल्या जवानाला उचलून आणायचे. हे वर्षानुवर्षे चालले आहे. चौक्यांवरच्या अनेकांचे प्राण या एका इंजिनाच्या लहानशा यंत्राने वाचवले आहेत, आणि त्याच कामात वैमानिकांनी आपले प्राणही दिले आहेत.

लष्करी वैमानिकांच्या संग्रहालयाची माझी मागणी नाशिकसाठी आहे, आणि त्यामागे केवळ गावाचा अभिमान नाही. तोफखान्याचे प्रशिक्षण देवळालीला आणि लष्करी वैमानिकांचे नाशिकच्याच गांधीनगरला; एअर ओपीची दोन्ही मुळे इथे एकत्र येतात. जवळच ओझरला विमानबांधणीत आयुष्य घालवलेले निवृत्त कारागीर आहेत. नौदलाने गोव्यात आपल्या विमानांचे संग्रहालय उभारले, तिथे शाळांच्या सहली जातात. इंग्लंडमध्ये मिडल वॉलप येथे लष्करी उड्डाणाचे स्वतंत्र संग्रहालय आहे. त्या तोडीचे, सामान्य नागरिकाला सहज जाता येईल असे घर आपल्या लष्करी वैमानिकांना नाशिकला मिळावे.

फाटकाशी चौथऱ्यावर हेलिकॉप्टर बसवणे म्हणजे जतन नव्हे. नाशिकच्या पावसात आणि उन्हात ते काही वर्षांत गंजते, रंगाखाली पोकळ होते. सियाचिनवर प्रत्यक्ष उडालेले एक चीता छपराखाली, त्याच्या मूळ क्रमांकासह आणि देखभालीच्या वह्यांसह ठेवा. एखादे कृषक मिळवून त्याच्या शेजारी आणा.

आणि त्याआधी माणसांकडे जा. 1971 मध्ये उडालेले अधिकारी आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांची लॉगबुके घरच्या कपाटांत आहेत; मुले घर बदलताना ती रद्दीत जातात. उणे तापमानात उघड्या बोटांनी इंजिन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांना तर कुणी काही विचारलेलेच नाही. इमारतीला निधी आणि वेळ लागेल, हे मान्य. ध्वनिमुद्रणाला एक यंत्र आणि ऐकून घेणारा माणूस पुरतो.

2026 मध्ये कोअरला 40 वर्षे होतात. चीताच्या निर्लेखनाच्या आदेशातच एक यंत्र नाशिकसाठी राखून ठेवण्याचे कलम घालावे, आणि मुलाखतींचे काम संग्रहालयाच्या मंजुरीची वाट न पाहता सुरू करावे, ही विनंती.

आपला,
एक नाशिककर