जुना सेट, नवा सेट आणि आपले कान

कोकणातल्या मुसलमान घरांतून सध्या एक वस्तू निघून चालली आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपली माणसं कुवेत, दुबई, सौदीला गेली आणि सुट्टीवर येताना जपानी टेपरेकॉर्डर, कॅसेट डेक, ॲम्प्लिफायर, रेकॉर्डप्लेयर घेऊन आली. त्या काळात आयात इलेक्ट्रॉनिक मालावर जबर कर होता. असा सेट दुकानात सहज मिळत नसे, आणि मिळाला तरी परवडत नसे. म्हणून तो घरात मानाच्या जागी बसला, त्याच्यावर क्रोशाचं कापड आलं. आता ती पिढी उतरणीला लागली आहे किंवा अल्लाहला प्यारी झाली आहे. घरं नव्याने बांधली जात आहेत. सेट एकतर भंगारवाल्याकडे किलोवर जातो, नाहीतर ‘व्हिंटेज’ म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्याकडे.

माझ्या भाच्याने यंदा हाच प्रश्न घातला. ‘खाला, नानांचा सेट विकून टाकू का? त्यात थोडे पैसे घालून नवा हाय-एंड घेतो.’ त्याच्या एका मित्राचं मत नेमकं उलट होतं. जुन्या जपानी यंत्रांसारखा आवाज आता होणे नाही, नवं सगळं प्लास्टिक, असं तो सांगत होता. दोघंही माझ्याकडे का आले, तर मी उर्दू आणि मराठी शिकवते आणि नानांच्या कॅसेटी माझ्याकडे आहेत. मी काही इंजिनिअर नाही. पण उच्चार ऐकणं हा माझा पेशा आहे. गेली अनेक वर्षं मी वर्गात क आणि क़, ज आणि ज़, फ आणि फ़ यांतला फरक मुलांच्या कानांवर घालते आहे. मराठीच्या तासाला ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळा आहे हेही सांगावं लागतं. त्यामुळे आवाजाच्या यंत्राची माझी परीक्षा साधी आहे. माणूस बोलताना किंवा गाताना त्याचा तलफ्फुज स्वच्छ ऐकू येतो का? भिंती हादरतात की नाही हा नंतरचा प्रश्न.

ही परीक्षा वाटते तितकी भाबडी नाही. स्वरांचा, म्हणजे आ-ई-ऊचा, जोर खालच्या आणि मधल्या पट्टीत असतो. स, श, ज़, फ़ यांसारख्या घर्षणाच्या व्यंजनांची ओळख मात्र वरच्या पट्टीत, साधारण तीन-चार हजार हर्ट्झच्या वर ठरते. स्पीकरमधला लहान ट्वीटर थकला किंवा जळला की आवाज ‘गोड’, ‘मऊ’ वाटू लागतो आणि व्यंजनं पुसली जातात. जुन्या सेटच्या ज्या ‘उबदार’ आवाजाचं कौतुक होतं, त्यात पुष्कळदा हा थकलेला ट्वीटर असतो. ग़ज़लचा मक़्ता ऐकताना शायराचं तख़ल्लुसच कळलं नाही, तर तो ऊबदारपणा काय कामाचा?

म्हणून माझं पहिलं मत असं की ‘जुनं ते सोनं’ हे ध्वनियंत्रांना सरसकट लागू होत नाही. प्रत्येक भागाचं वय वेगळं असतं. ॲम्प्लिफायरचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर पन्नास वर्षं सहज चालतो. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये मात्र ओला द्रव असतो. तो वीस-तीस वर्षांत सुकत जातो, मग घरघर सुरू होते, एक बाजू बारीक पडते. वूफरच्या कडेला फोमची रिंग असेल तर ती पंधरा-वीस वर्षांत भुगा होते, आणि कोकणच्या दमट हवेत त्याहून लवकर. टर्नटेबलचा रबरी पट्टा सैल होतो. हिऱ्याची सुईसुद्धा काही शेकडो तासांनी झिजते आणि झिजलेली सुई रेकॉर्डच कुरतडते. तेव्हा ‘जुना सेट चालू स्थितीत’ याचा अर्थ फक्त दिवा लागतो एवढाच असू शकतो. जुना सेट विकत घेताना किमतीत दुरुस्तीचा खर्च धरलाच पाहिजे.

परदेशातून आलेल्या सेटची आणखी एक गंमत आहे. मागच्या बाजूला पुष्कळदा ११०, १२०, २२०, २४० असे आकडे लिहिलेली फिरती कळ असते. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि अमेरिकेत १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. कळ चुकीच्या आकड्यावर असताना पिन लावली तर सेट गेलाच. सौदीहून आलेल्या वस्तूंची गोष्ट वेगळी. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. विजेच्या या लहरींवर ज्यांच्या मोटरचा वेग ठरतो असे जुने रेकॉर्डप्लेयर इथे मंद फिरतात. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या जागी सुमारे २८. म्हणजे काळी चारमध्ये गाणारा गायक साधारण पांढरी चारमध्ये रडका ऐकू येतो. घरचे म्हणतात यंत्र बिघडलं. मोटरची पुली बदलली की ते पुन्हा ताळ्यावर येतं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगली यंत्रं भंगारात गेली असतील.

आता नव्याकडे येऊ. नव्याची बाजू मी मनापासून घेते. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा डिजिटल ध्वनी ही महागडी चैन होती. आज तेच काम करणारी डबी मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आहे आणि आपल्या कानांना दोष सापडू नये इतकी स्वच्छ आहे. नवे क्लास-डी ॲम्प्लिफायर वीज कमी खातात, तापत नाहीत, खोक्याएवढ्या जागेत मावतात. स्पीकरमध्ये तर संगणकाने मोजमाप करून केलेल्या आखणीमुळे खरी प्रगती झाली आहे. बेताच्या किमतीचा चांगला नवा स्पीकर, जुन्या न दुरुस्त केलेल्या मोठ्या खोक्यापेक्षा शब्द स्वच्छ सांगतो. माझ्या परीक्षेत तो पास होतो.

पण ‘नवं’ आणि ‘हाय-एंड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही हजारांवरून काही दहा हजारांवर गेलात की फरक कानाला कळतो. तिथून लाखांवर गेलात की फरक मुख्यतः पाहुण्यांना कळतो. दुकानदार वॅट सांगतो. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. उलट, ८७ ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला की ॲम्प्लिफायर दुप्पट मोठा घेतल्यासारखंच होतं. ‘पीएमपीओ’चे हजारो वॅट खोक्यावर छापलेले असतात, ते तर वाचूच नयेत. सोन्याचा मुलामा दिलेल्या जाडजूड केबलींबद्दलही माझं तेच म्हणणं. आपल्याकडे इस्राफ हा शब्द लहानपणापासून कानावर असतो. लग्नातल्या जेवणावळींबद्दल तो आपण तोंड भरून वापरतो. केबलवर शिक्षकाचा पगार घालणं यालाही तोच शब्द आहे.

पैसा घालायचाच असेल तर आधी खोलीकडे बघा. आपला हॉल दहा बाय बाराचा, फरशी टाइल्सची, भिंती सिमेंटच्या. तिथे टाळी वाजवली तरी ती भिंतीभिंतींवर फिरते. अशा खोलीत लाखाचा स्पीकरसुद्धा हौदात बोलल्यासारखा बोलतो. जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला जाड पडदा, भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढ्याने जे साधतं ते नव्या ॲम्प्लिफायरने साधत नाही. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका आणि शोकेसच्या माथ्यावर चढवू नका. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. याला खर्च शून्य.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा तो असा की मी ऐकणार काय? मी सांगली जिल्ह्यात नोकरी करते, मिरज जवळ. तिथल्या ख़्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याजवळ किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम ख़ाँसाहेब विसावले आहेत. ते १९३७ साली वारले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्या काळच्या यंत्रांनी वरच्या पट्टीचा बारीक तपशील टिपलाच नव्हता. जे नोंदलंच गेलं नाही ते आजचा लाखाचा स्पीकर कुठून आणणार? त्या आवाजातली आर्तता साध्या, नीट ठेवलेल्या स्पीकरवर पूर्ण पोचते. आजचं स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला मात्र चांगल्या नव्या स्पीकरचा उपयोग आहे. घरात रेकॉर्डी असतील तर चांगला दुरुस्त केलेला टर्नटेबल हवा. एकही रेकॉर्ड नसताना शोभेसाठी टर्नटेबल घेणाऱ्यांना माझा नमस्कार. पितळी भोंग्याच्या ग्रामोफोनबद्दल तर सावधच राहा. सुटे भाग जोडून हल्ली बनवलेले पुष्कळ नग ‘आजोबांच्या काळातला’ म्हणून विकले जातात.

आणि मग उरतात कॅसेटी. इथे माझं मत सगळ्यांत पक्कं आहे. आखातात गेलेल्या माणसांच्या घरी पत्रं यायची तशा कॅसेटीही यायच्या. माझी दादी लिहू-वाचू शकत नव्हती. ती टेपसमोर बसायची आणि कुवेतला असलेल्या अब्बांशी अर्धा-अर्धा तास बोलायची. कोण आजारी, आंब्याला मोहोर किती, कुणाचा निकाह ठरला. गावचा कुणी निघाला की त्याच्या बॅगेतून ती कॅसेट जायची. ती बोलायची ती कोकणी मुसलमानांची बोली. ती उर्दू नाही आणि पुस्तकी मराठीही नाही. माझ्या शाळेच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात ती नाही. आमच्या घरात ती भाषा जशीच्या तशी फक्त त्या चुंबकीय फितीवर आहे. त्याच खोक्यात क़ारी अब्दुल बासित यांची किराअत आहे, क़व्वाल्या आहेत. त्या जगभर पुन्हा मिळतील. दादीचा आवाज मिळणार नाही.

आणि कॅसेटच्या बाबतीत जुनं यंत्र खरोखर नव्यापेक्षा सरस आहे. त्या दर्जाचे डेक आता कुणी फारसे बनवत नाही. हल्लीच्या नव्या कॅसेटप्लेयरमध्ये बहुधा एकच स्वस्त यंत्रणा फिरत असते. फीत सम गतीने ओढणं, फितीच्या रेषेशी हेड अचूक जुळवणं, हे काम नानांचा डेक पट्टा बदलून आणि हेड पुसून आजही करतो. म्हणून भाच्याला मी म्हटलं, ‘ॲम्प्लिफायर दुरुस्तीला दे. जुने स्पीकर द्यायचे तर दे, त्यांचा फोम गेलाय. नवे स्पीकर घे, बजेटचा निम्मा पैसा त्यांच्यावर घाल. फोनवरचं ऐकायला छोटी डिजिटल डबी घे. डेक मात्र या घरातून जाणार नाही.’ त्याने आधी तोंड वाकडं केलं. मग दुरुस्तीचा अंदाज नव्या ॲम्प्लिफायरच्या किमतीच्या पुष्कळ खाली आला तेव्हा तो गप्प बसला.

दुरुस्तीचा हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मिरजेत सतार-तंबोरे बनवणारे मुसलमान कारागीर पिढ्यान्पिढ्या आहेत. चांगला तंबोरा तिथे एकदा घेतला की तो दुरुस्त होत होत बापाकडून मुलाकडे जातो. घोडी घासतात, तारा बदलतात, भोपळ्याला तडा गेला तर सांधतात. जुन्या ॲम्प्लिफायरला हाच गुण आहे. झाकण उघडतं, आतले भाग डोळ्यांना दिसतात, सुटा भाग मिळतो. नव्या महागड्या यंत्रांत पुष्कळदा सगळं एका पट्टीवर चिकटवलेलं असतं आणि अर्धं काम कंपनीच्या ॲपवर चालतं. ॲप बंद झालं की यंत्र धडधाकट असूनही मुकं. तेव्हा नवं घेताना दुकानदाराला वॅट विचारू नका. पाच-सात वर्षांनी हे बिघडलं तर आपल्या गावात कोण उघडणार, आणि ॲपशिवाय साध्या वायरने हे चालतं का, हे विचारा. उत्तर नीट आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

प्रत्येक तालुक्याच्या गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा एखादा वयस्क मिस्त्री अजून असतो. त्याच्या टेबलावर सोल्डरिंगची इस्त्री, जुन्या सेटचे सांगाडे, आणि समोर मोबाइलचं कव्हर विकणारा त्याचा मुलगा. तुमच्या कपाटातला सेट त्याच्याकडे न्या, त्याला त्याच्या हुनराचे पूर्ण पैसे द्या, घासाघीस करू नका. सेट बरा झाला की सगळ्यांत आधी घरच्या कॅसेटी त्यावर लावा, लाइन-आउटमधून संगणकावर उतरवून घ्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. त्यावर कोण बोलतंय, कधीचं आहे, हे सांगू शकणारी माणसं घरात आहेत तोवरच हे काम करण्यासारखं आहे. स्पीकर पुढच्या ईदलाही घेता येतील.