वतन गेले, जमीन जाऊ देऊ नका



कर्जत-खालापूरकडील तुमची वृद्ध चुलती बौद्धवाडीत एकटी राहते आणि तुम्ही चाकरीसाठी मुंबईत राहता. तिच्या वरकस जमिनीत कोणी एका पावसाळ्यात नाचणी पेरतो, पुढच्या वर्षी कुंपण घालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गामुळे त्या माळालाही मोल आले आहे. गावातच दिवस काढावयाचे म्हणून चुलती बोलत नाही. परंतु तुम्ही का गप्प आहात?

ही जमीन कोणाच्या मेहेरबानीने आलेली नाही. आपल्यापैकी अनेकांची अशी जमीन मूळची महार वतनाची आहे. वतनाच्या तुकड्यासाठी आपल्या वाडवडिलांनी साऱ्या गावाची वेठ वाहिली. त्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतने नष्ट झाली व कब्जेहक्काची रक्कम भरून त्या जमिनी वतनदारांना पुन्हा मिळाल्या. वेठ गेली, जमीन राहिली. ती आता आपल्या आळसाने जावी काय?

काळ हा अतिक्रमण करणाऱ्याचा साथी आहे. शेतजमिनीवरून बेकायदा हुसकावल्यास 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. परंतु मुदत सहाच महिन्यांची. त्यानंतर दिवाणी दावा उरतो. मालकाचा हक्क झुगारून बारा वर्षे उघड व अखंड ताबा ठेवल्याचे समोरच्याने सिद्ध केले, तर तुमचा हक्कच बुडतो. सबब आजच सातबारा व फेरफार काढा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवा. पीकपाहणी आता मोबाईलवरून नोंदवता येते. चुलतीच्या वतीने ती दर हंगामात करा. साध्या कागदावर तिचा अंगठा कोणास घेऊ देऊ नका.

धर्मांतराने आपले संरक्षण गेले, असे कोणी सांगेल. ते खोटे आहे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींत स्थान मिळाले. अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसाने आपली जमीन बेकायदा बळकावणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. जातीचा दाखला मात्र जवळ असावा.

आता एक कटू गोष्ट. त्या माळावरचा प्रत्येक माणूस लुटारू नसतो. या दोन्ही तालुक्यांत कातकऱ्यांच्या कित्येक वाड्या परक्याच्या जमिनीवर वसल्या आहेत. ज्याच्याकडे कुंपणाला तार आहे तो एक, आणि ज्याच्याकडे कुडाची झोपडीच आहे तो दुसरा. पहिल्याशी कायद्याने लढा. दुसऱ्याच्या झोपडीवर काठी घेऊन जाल, तर काल गावाने आपल्याशी जे केले तेच आज तुम्ही कराल. त्याच्याशी बोला, घरापुरती जागा लेखी ठरवा आणि त्याला गावठाणात हक्काची जागा मिळावी म्हणून त्याच्याबरोबर तहसील कचेरीची पायरी चढा.

काठीने मिळालेली जमीन दुसऱ्याच्या काठीने जाते. कायद्याने राखलेली जमीन चुलतीला निर्भय झोप देईल.

जय भीम!